पाठोपाठची दोन बाळं: दीड वर्षाच्या आतलं अंतर घराने कसं निभवावं

पहिलं अजून अंगावर पितंय, धड चालतही नाही, आणि दुसऱ्याचे दिवस राहिले. सोलापुरात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. बातमी कळली की शेजारपाजारचे दोनच गोष्टी बोलतात: "बरं झालं, एकदमच मोठी होतील" किंवा "अगं बाई, एवढ्यात?" दोन्हींचा उपयोग शून्य. दिवस राहिले ते ठरवून असोत की न ठरवता, पुढची दोन-अडीच वर्षं घराला रेटायचीच असतात. ती कशी रेटायची, एवढंच इथं लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धाकटं आलं म्हणून चौदा महिन्यांचं पोर एका रात्रीत मोठं होत नाही. घरात दोन बाळं आहेत असं धरून कामं वाटली तर दिवस निघतात. एक बाळ आणि एक "शहाणा दादा" असं धरलं, की आईचेही हाल आणि त्या पोराचेही.

कळल्याबरोबर करायची कामं

"पाळी आलीच नव्हती, मग दिवस राहिले कसे?" हा प्रश्न हमखास येतो. बाळंतपणानंतर बीज तयार होतं ते पहिल्या पाळीच्या आधी, त्यामुळे पाळी न येताही दिवस राहू शकतात. अंगावर पाजल्याने गर्भ राहत नाही, हे खरं ठरायला तीन अटी एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर असावं (वरचं पाणीसुद्धा नाही), आणि पाळी सुरू झालेली नसावी. यातली एक अट मोडली की भरवसा संपला.

पाळीची तारीखच नसल्यामुळे किती महिने झाले ते अंदाजाने सांगता येत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी टाळू नका. प्रसूतीची तारीख त्यावरूनच नीट ठरते. आशाताईंकडे किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. पहिल्या खेपेचं माता-बालक कार्ड सोबत न्या. आधीचं बाळंतपण कोणत्या तारखेला झालं, साधं की सिझर, सिझर असेल तर कशासाठी, आणि त्या वेळी हिमोग्लोबिन किती होतं, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

डॉक्टर जरा जास्त लक्ष ठेवतील, त्याला कारण आहे. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहू देण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या अंगातलं लोह आणि इतर साठा भरून यायला तेवढा वेळ लागतो. अंतर कमी पडलं की रक्त कमी असणं, दिवस पुरे होण्याआधी बाळ येणं, बाळाचं वजन कमी भरणं, याची शक्यता वाढते. म्हणून घाबरून बसायचं नाही, पण एकही तपासणी चुकवायची नाही.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टर डोस वाढवतील. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. चहाबरोबर तर मुळीच नाही. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं वरण-भात खाऊन घेतलेली गोळी बरी. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं असं: मागच्या गरोदरपणात, तीन वर्षांच्या आत, दोन डोस झाले असतील तर या वेळी एकच बूस्टर लागतो. जुनं कार्ड हवं ते यासाठीही.

आता त्या गोळ्यांची दुसरी बाजू. सरकारी लोहाची गोळी लाल, गुळगुळीत आणि वरून गोड असते. रांगणाऱ्या पोराला ती गोळी-बिस्किटांतलीच वाटते. मुठीने खाल्ली तर जिवावर बेतते, आणि अशा घरात नेमकी आई त्या गोळ्या खात असते. पाकीट उशीखाली, फ्रिजवर किंवा पर्समध्ये ठेवू नका. कुलुपाच्या कपाटातच ठेवा. पोराने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी पाकीट हातात घेऊन तडक सिव्हिल गाठा, उलटीची वाट बघत घरी बसू नका.

मागचं सिझर असेल तर आणखी एक. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असताना कळा सुरू झाल्या, तर जुना टाका गर्भाशयात उसवण्याचा धोका वाढतो. बरेच डॉक्टर अशा वेळी पुन्हा सिझरच ठरवतात. तरीही साधं बाळंतपण करायचं असेल तर चोवीस तास ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच. शेवटच्या महिन्यांत जुन्या टाक्याजवळ दुखायला लागलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर "सकाळी बघू" नाही. त्याच वेळी निघा.

नोकरी करणाऱ्यांसाठी: दुसऱ्या मुलालाही २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पहिल्या रजेवरून परतून लगेच दुसरी घेताना हा हिशेब आधीच बसवा आणि ऑफिसशी लेखी बोला.

पहिल्याचं दूध तोडायचं का?

"पोटुशीचं दूध पोराला बाधतं" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. बाधत नाही. गरोदरपण सुरळीत असेल तर पाजत राहायला हरकत नसते. आधी वेळेपूर्वी बाळंतपण झालेलं असेल, रक्तस्राव होत असेल किंवा पोट कडक होत असेल तर डॉक्टर थांबवायला सांगतात, तेव्हा थांबवावं.

व्हायचं ते वेगळंच होतं. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध आपोआप कमी होतं, चव बदलते, आणि पुष्कळ मुलं स्वतःच सोडतात. मोठं मूल सहा-सात महिन्यांचंच असताना असं झालं तर मात्र दुर्लक्ष करू नका. त्याचं पोट भरत नाही आणि ते सांगताही येत नाही. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. कार्डावरची वजनाची रेषा आडवी झाली, म्हणजे वजन वाढेनासं झालं, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून वरचं दूध ठरवा. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध हेच मुख्य जेवण करू नये.

तोडायचंच असेल तर स्तनाला कडूनिंब किंवा मिरची लावू नका. एकेक वेळ कमी करत जा: आधी दुपारची, मग संध्याकाळची, झोपतानाची सर्वांत शेवटी. बाळंतपणाच्या आदल्या महिन्यात तर तोडूच नका. पोराच्या हिशेबात दूध गेलं आणि लगेच ते दुसऱ्या कुणाला मिळालं, असं होतं.

बाळंतपणानंतर मोठं पुन्हा मागायला आलं तर? द्यायला हरकत नाही, पण आधी धाकट्याचं पोट. पहिल्या दिवसांतला चीक धाकट्याच्याच वाट्याचा.

सहाव्या ते आठव्या महिन्यात मोठ्याची घडी

वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला "तुला बाळ येणार" हे कळत नाही. पोटावर हात ठेवायला लावून फोटो काढा हवं तर, पण ती तयारी झाली असं समजू नका. त्याला कळतो तो रोजचा क्रम: कोण न्हाऊ घालतं, कोण भरवतं, कुणाच्या कुशीत झोप येते. बदल तिथं करायचा, आणि बाळ येण्याच्या किमान दोन महिने आधी.

सुरुवात झोपेपासून करा. बाबांनी किंवा आजीने रोज त्याच वेळी, त्याच जागी झोपवायचं. पहिले आठ-दहा दिवस रडारड होईल, आई उठून जाईल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्या वेळी आईने सरळ दुसऱ्या खोलीत जावं, जमलं तर गच्चीवर. नंतर एक जेवण बाबांकडे द्या, मग अंघोळ. "त्याला माझ्याशिवाय चालत नाही" असं बऱ्याच बायका कौतुकाने सांगतात. बाळंतपणानंतर तेच कौतुक भोवतं.

पाळणा मोठ्याचाच धाकट्याला द्यायचा असेल तर मोठ्याला आधीच खाली गादीवर हलवा. पाळणा महिनाभर झाकून ठेवा आणि मग पुन्हा काढा.

बाळंतपण कुठं, मोठं कुठं

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, अशी रीत बऱ्याच घरांत आहे. पाठोपाठच्या वेळी रीत बाजूला ठेवा आणि मोठ्याला रात्री सांभाळणारं माणूस कुठं आहे ते बघा. बार्शी-पंढरपूरकडचं माहेर असेल आणि तिथं आई एकटी असेल, तर सोलापुरातलं भाड्याचं घर आणि सुट्टी घेतलेला नवरा परवडला. मोठ्याला महिना-दीड महिना आजोळी "ठेवून" येऊ नका. त्या वयात महिना फार मोठा असतो, आणि परत आल्यावर ते आईला चिकटतं किंवा ओळख दाखवत नाही. दोन्ही सोसायला जड जातं.

दवाखान्यात मोठं पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा आईचे हात मोकळे असावेत, बाळ पाळण्यात. आधी त्याला जवळ घ्या. त्याला बाळ बघायचं असेल तर बघेल, नसेल तर ते सलाईनच्या नळीकडे बघत बसेल. चालतं.

याच खोलीत, घरी येण्याआधी, आणखी एक निर्णय व्हायला हवा: यापुढचा पाळणा कसा लांबवायचा. "बघू नंतर" म्हटलं की तो नंतर येत नाही. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. ती पाच किंवा दहा वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते. अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. अंगावर पाजणाऱ्या आईला ते सहा आठवड्यांनंतर देतात. छाया ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, पाजत असतानाही चालते. नेहमीच्या रोजच्या संयुक्त गोळ्या मात्र पाजणाऱ्या बाईने पहिले सहा महिने घेऊ नयेत. हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. मुलं पुरे असतील तर बाईच्या शस्त्रक्रियेच्या आधी पुरुष नसबंदीचं नाव घ्या. ती टाक्याशिवाय होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो, आणि लागोपाठ दोन बाळंतपणं सोसलेल्या बाईला आणखी एक ऑपरेशन टळतं. आपल्याकडे पुरुष या विषयावर उठून बाहेर जातात. जाऊ देऊ नका.

पहिला सव्वा महिना

कागद घ्या आणि दिवसाची कामं माणसागणिक लिहा. पाजणं सोडून आईच्या नावावर काहीही नको. सिझर असेल तर सहा आठवडे मोठ्याला उचलायचं नाही. दहा किलोचं पोर कडेवर घेतलं की टाक्यावर ताण येतो. त्याला जवळ घ्यायचंच नाही असं नाही. भिंतीला पाठ लावून खाली गादीवर बसा आणि त्यालाच मांडीवर चढू द्या.

न्हाऊ घालायला मावशी येत असतील तर दोघांचे पैसे ठरवा आणि दोघांनाही त्यांच्याकडूनच न्हाऊ-माखू घाला. शेक-शेगडी, धुरी या गोष्टी ज्या घरात चालतात तिथं माझं स्पष्ट मत: धुरी बंद करा. कोंडलेल्या खोलीतला धूर नवजात बाळाला वाईट आणि वर्षाच्या पोरालाही. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी आणि खोलीत रांगतं मूल, हे तर एकत्र असूच नये.

सर्वांत अवघड वेळ पाजण्याची. आई तासभर एका जागी अडकते आणि मोठं ते ओळखतं. डबे ओढणं, बाळाच्या डोळ्यांत बोट घालणं, दारातून पळणं, सगळं याच वेळी. एक टोपली करा जी फक्त पाजताना बाहेर येते: झाकणाचे दोन डबे, लाकडी चमचा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, जुनी ओढणी. पाजून झालं की टोपली वर. दिवसभर हाताशी राहिली तर तिची किंमत उरत नाही.

दोघं एकदम रडली तर कोणाला आधी घ्यायचं? पुस्तकी उत्तर धाकट्याला. आमच्या बोळातल्या एका अव्वांचं उत्तर मला जास्त पटतं: "अगं, तिला घे की आधी, ती बघालीय तुझ्याकडं." नवजात बाळ सुरक्षित जागी असेल आणि नुसतं किरकिरत असेल तर दोन मिनिटं थांबू शकतं. कोणाला आधी घेतलं हे त्याला कळत नाही, मोठ्याला कळतं. भूक असेल तर अर्थात बाळ आधी.

मोठं पुन्हा बाटली मागेल, चड्डीत करेल, रांगायला लागेल. रागवू नका, चिडवू नका, ते काही आठवड्यांत जातं. आईचं मात्र तसं नाही. दोन आठवड्यांनंतरही सतत रडू येणं, झोप न लागणं, बाळाकडे बघावंसं न वाटणं, मरणाचे विचार येणं हे "ओल्या अंगाचं" म्हणून सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर बाईला एकटं न ठेवता लगेच दवाखान्यात न्या.

नळाचा दिवस, आणि घरातले इतर धोके

सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरात बॅरल, टीप, हंडे, बादल्या भरलेल्या असतात. नुकतं उभं राहायला लागलेलं मूल बादलीत डोकावतं. डोकं जड असल्यामुळे तोंडावर जातं आणि परत वर येता येत नाही. बादलीभर पाणी लागत नाही, चार बोटं पाणी पुरतं. आवाजसुद्धा होत नाही.

म्हणून नळाच्या दिवसाचा नियम पक्का करा. पाणी यायच्या आत मोठ्याचा ताबा एका माणसाकडे, आणि त्या माणसाने त्या दोन तासांत हंड्याला हात लावायचा नाही. मोटर लावा, पाइप धरा, शेजारीण हाक मारेल, काहीही होवो, ते माणूस पोराजवळच. आई धाकट्याला घेऊन असेल, म्हणजे तिला यात मोजायचं नाही. बॅरलला घट्ट झाकण आणि वर पाटा किंवा वजन. न्हाणीला बाहेरून वर कडी. रिकामी बादली पालथी. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा आणि दोघांनाही दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा.

बाळाच्या अंघोळीचं कढत पाणी आधी बादलीत ओतू नका. आधी गार, मग गरम. मोठं कायम त्या वेळी पायात असतं.

घरात विड्या वळत असतील तर तंबाखूचं सूप मांडीवरून खाली ठेवताना जपा. चिमूटभर तंबाखू तोंडात गेली तरी लहान मुलाला विषबाधा होते. सूप, पानं, तंबाखूची पिशवी माळ्यावर किंवा बंद पेटीत. काम झाल्यावर हात धुवून, वरचं पातळ किंवा गाऊन बदलून मगच पाजायला घ्या.

शेंगदाण्याचं काय ते सांगते, कारण आपल्याकडे शेंगा प्रत्येक डब्यात. मोठं मूल प्रेमाने बाळाच्या तोंडात दाणा घालतं. खेळ म्हणून नव्हे, आपण भरवतो तसं ते भरवतं. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत कोणालाच नको. बटणासारखे सेल, नाणी, फुटाणे त्याच यादीत.

झोप

एका गादीवर चौघं झोपत असाल तर क्रम ठरलेला हवा: कडेला भिंतीपासून लांब बाळाचा पाळणा किंवा वेगळी छोटी गादी, मग आई, मग बाबा, मग मोठं. मोठं मूल आणि बाळ शेजारी शेजारी कधीच नाही. झोपेत पाय पडतो, हात तोंडावर जातो. आपली सोलापुरी चादर जाड आणि वजनदार असते. बाळावर ती घालू नका, अंगभर कपडे पुरतात. झोळी असेल तर मोठं तिला झोके देणारच, म्हणून झोळीत बाळ एकटं सोडू नये.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी पाजायचा मोह होतो. देऊ नका, जास्त वेळा अंगावर घ्या. पाणी मोठ्याला आणि आईला.

मोठ्याचं खाणं

आई बाळात गुंतली की मोठं बिस्किटावर आणि दुधाच्या बाटलीवर जगायला लागतं. वजन तिथंच अडकतं. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोन खाऊ लागतात. वर्षानंतर प्रत्येक वेळी पाऊण ते एक वाटी. त्यासाठी वेगळं शिजवायची गरज नाही. गरम ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेवली की मऊ होते, वर तुपाची धार आणि चमचाभर बारीक दाण्याचं कूट. शेंगा चटणीचं कूट आधी तिखट न घालता थोडं बाजूला काढून ठेवायचं. उकडलेलं अंडं, केळं, मुगाची खिचडी. वर्षाच्या आत मध नको. अंगणवाडीचा घरी न्यायचा शिधा मोठ्याच्या नावाने आणि आईच्या नावाने वेगळा मिळतो, दोन्ही नोंदी झाल्यात ना ते विचारा.

लसी, औषधं, कागद

चौदा महिन्यांचं अंतर असेल तर एक सोय आहे: धाकट्याची दहा आठवड्यांची लस आणि मोठ्याचा सोळा महिन्यांनंतरचा गोवर-रुबेला दुसरा डोस व डीपीटी बूस्टर साधारण एकाच सुमारास येतात. आशाताईंना सांगून एकच दिवस ठरवा. जाताना दोन मोठी माणसं हवीत, कारण येताना दोघं रडणारी असतात.

आजारही जोडीनेच येतात, आणि घोळ औषधात होतो. तापाच्या पॅरासिटामॉलची थेंबांची बाटली जास्त तीव्र असते: तिच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम, तर सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा २५०. थेंबांची बाटली घेऊन सिरपच्या मापाने दिलं तर डोस कितीतरी पट होतो. प्रत्येक बाटलीवर मुलाचं नाव, वजन आणि डोस मार्करने लिहा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरचं औषध नाही, थेट डॉक्टर. जुलाबात ओआरएस, आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. दोन मुलांच्या दोन वेगळ्या फायली करा, वेगळ्या रंगाच्या. जन्मदाखला, लसीकरण कार्ड, आधार असं सगळं एकाच पिशवीत राहिलं की कुठंतरी एकाची तारीख दुसऱ्याला लागते आणि ती दुरुस्त करण्यात वर्ष जातं. दुसरी मुलगी असेल तर मातृवंदना योजनेचे ६००० रुपये मिळतात. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर लेक लाडकी या मुलींसाठीच्या राज्याच्या योजनेचंही विचारा.

बाहेर पडणं

स्कूटीवर पुढं एक, मधे एक, मागे बाई बाळाला घेऊन, हे चित्र सात रस्त्यावर रोज दिसतं म्हणून ते ठीक होत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो, वेग ४० च्या आत. त्याहून लहान बाळ दुचाकीवर नकोच. रिक्षा करा.

संक्रांतीला दोघांचं बोरन्हाण एकत्र उरका, तेवढेच कष्ट वाचतात. फक्त बोरं, उसाचे करवे, गोळ्या खाली पडल्यावर आधी धाकट्याला उचला, मग बाकीच्या पोरांना गोळा करू द्या. गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर जाणार असाल तर दर मुलामागे एक माणूस, आणि मोठ्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. तितकी माणसं नसतील तर या वर्षी एकालाच न्या.

दोन आणि तीन वर्षांची झाल्यावर

आता चावे, ओढाओढ, केस धरणं सुरू. माझं मत असं: ताट, पेला, उशी, चप्पल प्रत्येकाची आपापली. मोठी खेळणी मात्र एकच. सगळंच दोन-दोन आणलं तरी भांडण होतंच, शिवाय पैसे जातात. मोठ्याची एखादी लाडकी वस्तू "ही फक्त तुझी" म्हणून जाहीर करा आणि धाकटं रडलं तरी ती द्यायला लावू नका. "तू मोठा ना, दे तिला" हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी बंद करावं. पाहुण्यांनाही सांगा.

तुलना आपोआप होते, कारण दोघं एकाच उंचीची दिसायला लागतात. धाकटी लवकर बोलते, मोठा उशिरा. घरात मराठी, कन्नड, तेलुगू अशा दोन-तीन भाषा असतील तर शब्द मिसळतात, ते चालतं. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, तर तुलना सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. कधी कधी धाकट्याचं सगळं मोठंच बोलून टाकतं. म्हणून दिवसातून पंधरा मिनिटं प्रत्येकाला एकट्याला घेऊन बसायचं, एकाला दुकानात बाबांसोबत पाठवून का होईना.

शाळेत घालताना

राज्यात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, नर्सरीसाठी तीन. एक जानेवारीत आणि दुसरं त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं असेल तर दोघं एकाच वर्गासाठी पात्र ठरतात. शाळेला आणि आजोबांना ते सोयीचं वाटतं: एकच रिक्षा, एकच अभ्यास. माझं ऐकाल तर धाकट्याला एक वर्ष थांबवा. जूनमध्ये त्याला जेमतेम साडेपाच वर्षं झालेली असतात आणि वर्गात रोज घरचीच तुलना समोर बसते. एकाच वर्गात घालायचंच असेल तर तुकडी वेगळी मागा, आणि अर्ज प्रवेशाच्या वेळीच द्या. तुकड्या पडल्यावर शाळा ऐकत नाही.

लागोपाठच्या वर्गांत असतील तर गणवेश आणि दप्तर खाली उतरतं, पण पुस्तकांची खात्री नसते. अभ्यासक्रम इयत्तेगणिक बदलत येतो, आणि मोठं जुन्याच्या शेवटच्या वर्षात असेल तर धाकट्याला सगळी नवी पुस्तकं लागतात. फीचा दुसरा हप्ता दोघांचा एकाच महिन्यात येतो, तो जूनमध्येच शाळेशी बोलून पुढं-मागं करून घ्या.